बदल केलेल्या गाडीचा पुरेसा विमा कसा काढावा: कोकणातील गाडीमालकांसाठी मार्गदर्शन

कंपनीतून निघाली तशीच राहिलेली गाडी कोकणात शोधावी लागते. कुंभार्ली किंवा आंबोलीच्या घाटातल्या धुक्यासाठी कोणी फॉग लॅम्प लावतो, आंब्याच्या पेट्या न्यायच्या म्हणून टपावर कॅरिअर चढतो, जांभ्याच्या खडबडीत रस्त्यावर गाडी खाली घासू नये म्हणून मोठे टायर येतात आणि पेट्रोलचा खर्च परवडेनासा झाला की डिकीत सीएनजीची टाकी बसते. पॉलिसी मात्र शोरूममधून निघालेल्या मूळ गाडीचीच राहते. अपघात किंवा पूर आला की सर्व्हेअर, म्हणजे विमा कंपनीसाठी नुकसान तपासणारा माणूस, समोर उभ्या असलेल्या गाडीकडे पाहतो, हातातल्या कागदांकडे पाहतो, आणि दोन्हींत जिथे फरक दिसेल तिथे लाल शाईने खूण करतो.

माझ्या पेट्रोल गाडीला मी बाहेरून सीएनजी किट, फॉग लॅम्प आणि म्युझिक सिस्टीम बसवून घेतली आणि किटची नोंद आरटीओत व तिन्हींची विमा कंपनीत करून घेतली. हे काम अवघड नाही, पण त्याचा क्रम कोणी नीट सांगत नाही. गॅरेजवाला म्हणतो एजंट बघेल, एजंट म्हणतो नूतनीकरणाच्या वेळी बघू, आणि दरम्यान एक पावसाळा निघून जातो. नोंदणी प्रमाणपत्र म्हणजे आरसी, पॉलिसी आणि बिल या तीन कागदांवर एकच गाडी दिसली पाहिजे, एवढे साधण्यासाठी पुढचा सगळा खटाटोप आहे. लेख खासगी, पांढऱ्या नंबरपट्टीच्या चारचाकीपुरता आहे. टुरिस्ट परवान्याच्या गाड्यांचे नियम वेगळे आहेत.

१. गाडीत काय काय बदलले आहे त्याची यादी करा

एका कागदावर गाडीतली प्रत्येक जास्तीची वस्तू लिहा. वस्तूसमोर बिलाची तारीख, रक्कम आणि बसवणाऱ्याचे नाव लिहा. मग त्या यादीचे तीन भाग करा.

पहिल्या भागात केवळ सोयीच्या किंवा सजावटीच्या वस्तू येतात: सीट कव्हर, मॅटिंग, म्युझिक सिस्टीम, रिव्हर्स कॅमेरा, मूळ मापाचे अलॉय व्हील. यांना आरटीओची नोंद लागत नाही. विमा कंपनीला सांगणे आणि त्यांची किंमत पॉलिसीत चढवणे एवढेच काम असते.

दुसऱ्या भागात आरसीवरचा तपशील बदलणाऱ्या गोष्टी येतात: सीएनजी किंवा एलपीजी किट, इंजिन बदलणे, गाडीचा रंग बदलणे, दिव्यांग व्यक्तीसाठी गाडी रूपांतरित करणे. यांसाठी आधी आरटीओ आणि मग विमा कंपनी, हा क्रम उलटा करता येत नाही.

तिसरा भाग कायद्यात न बसणाऱ्या गोष्टींचा. यांचा विमा निघत नाही; त्या काढून टाकाव्या लागतात. मला विचाराल तर यादी करण्याचा खरा उपयोग हा तिसरा भाग डोळ्यांसमोर येण्यात आहे.

२. कायद्यात काय बसते ते पाहून घ्या

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा पडेल असा बदल, वर दुसऱ्या भागात दिलेल्या परवानगीच्या बदलांखेरीज, मालकाला करता येत नाही. गाडीच्या रचनेत असा फेरफार की ज्यामुळे तिचे मूलभूत स्वरूप बदलते, तो बदल, अशी व्याख्या या कलमातच दिलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात याच कलमाच्या आधारे मूळ तपशिलाविरुद्ध फेरबदल करता येणार नाहीत हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात आलेल्या कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. येथे दंड गाडीमागे नसून बदलामागे आहे, हे लक्षात ठेवावे.

आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या काही गोष्टी यादीच्या तिसऱ्या भागात मोडतात. गाडीच्या नाकावरचा लोखंडी बुलबार किंवा क्रॅश गार्ड घ्या. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना त्यावर कलम ५२ खाली कारवाई करण्यास सांगितले. गुरे आडवी येतात म्हणून तो लावला जातो हे खरे. पण धडकेचा जोर पुढच्या भागाने चुरगळून शोषून घ्यावा अशी गाडीची रचना असते, ती बुलबारमुळे निकामी होते, एअरबॅगच्या कामातही अडथळा येऊ शकतो, आणि धडक बसलेल्या पादचाऱ्याचे हाल तर विचारूच नयेत. काचेवरच्या काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बंदी घातली. टपावरच्या झगझगीत एलईडी पट्टीला केंद्रीय मोटार वाहन नियमांतील स्पॉट लाइटची मनाई आडवी येते. मल्टीटोन हॉर्न आणि कापलेला सायलेन्सर यांच्याबद्दल वेगळे सांगायला नको.

टायरच्या बाबतीत थोडे थांबून पाहावे लागते. ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा उघडला की खांबावर एक छोटा स्टिकर दिसतो. त्यावर त्या मॉडेलसाठी उत्पादकाने मान्य केलेली टायरची मापे आणि हवेचा दाब छापलेला असतो. मोठ्या व्हेरियंटसाठी दिलेले माप त्यावर असेल तर प्रश्न येत नाही. त्याबाहेरचे माप असेल तर चाक वळताना मडगार्डला घासते, स्पीडोमीटर खरा वेग दाखवत नाही, आणि घाटातल्या वळणावर गाडी उलटली की सर्व्हेअरचा पहिला प्रश्न टायरबद्दलच असतो. टपावरच्या कॅरिअरबाबत वेगवेगळ्या कार्यालयांत वेगवेगळी उत्तरे मिळतात. म्हणून उत्पादकाच्या अधिकृत ॲक्सेसरी यादीतला कॅरिअर अधिकृत विक्रेत्याकडून बिलासह घ्यावा, सांगितलेल्या वजनाच्या आत वापरावा आणि गावातल्या वेल्डरकडून पाइप जोडून घेण्याचा मोह टाळावा.

३. आरटीओकडे नोंद करून घ्या

कोकणातील बहुतेक वाचकांचा संबंध पेण (एमएच-०६), सिंधुदुर्ग (एमएच-०७) किंवा रत्नागिरी (एमएच-०८) या कार्यालयांशी येतो. गाडी मुंबई-पुण्याच्या नोंदणीची असेल आणि तुम्ही ती कायमची गावी आणली असेल, तर आधी पत्ता बदलून घ्यावा, मग फेरबदलाच्या कामाला लागावे. अर्ज आणि शुल्क परिवहन पोर्टलवर भरता येते, पण गाडी तपासणीसाठी समोर न्यावीच लागते. मंडणगड, दापोली किंवा देवगडसारख्या लांबच्या तालुक्यातून निघण्यापूर्वी आपल्या तालुक्यात आरटीओचे शिबिर कधी आहे आणि त्यात हे काम होते का, हे फोन करून विचारावे.

सीएनजी किट हा सर्वांत नेहमीचा बदल असल्याने त्याबद्दल सविस्तर सांगतो. किट मान्यताप्राप्त असले पाहिजे, म्हणजे पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेने त्या किटला तुमच्या गाडीच्या मॉडेलसाठी मंजुरी दिलेली असली पाहिजे. एकाच कंपनीचे किट एका मॉडेलला मंजूर आणि दुसऱ्याला नामंजूर असू शकते. टाकीला स्फोटके विभागाच्या मान्यतेचे चाचणी प्रमाणपत्र लागते, आणि बसवणाऱ्या केंद्राकडे अधिकृत परवानगी लागते. तिन्हींपैकी एक जरी कमी असेल तर आरटीओत काम अडते, आणि अडलेले काम पुढे सरकवण्यासाठी कोणीतरी मधला माणूस लगेच भेटतो.

सोबत न्यायची कागदपत्रे:
- मूळ आरसी, चालू पॉलिसी आणि चालू पीयूसी
- किटचे बिल, ज्यावर किटचा आणि टाकीचा क्रमांक स्पष्ट लिहिलेला आहे
- किटच्या मंजुरीपत्राची प्रत, ज्यात तुमच्या मॉडेलचा उल्लेख आहे
- टाकीचे चाचणी प्रमाणपत्र
- बसवणाऱ्या केंद्राचे फिटमेंट प्रमाणपत्र आणि त्यांच्या परवानगीची प्रत
- गाडीवर कर्ज असेल तर बँकेची किंवा पतसंस्थेची लेखी संमती
- मालकाचे ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा

टाकीवर धातूची एक छोटी पट्टी असते. तिच्यावर कोरलेला क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी अंक न् अंक ताडून पाहा. बिल लिहिणाऱ्याने ३ चा ८ केला, की गाडी तपासणीवरून परत येते आणि दिवस फुकट जातो. तपासणी झाल्यावर आरसीत इंधनाच्या रकान्यात पेट्रोलसोबत सीएनजी आले की काम झाले. केवळ पैसे भरल्याची पावती हातात असणे म्हणजे नोंद नव्हे.

कायदा आणखी एक मुदत सांगतो: पूर्वमंजुरीशिवाय बदल झालेला असेल तर तो केल्यापासून चौदा दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवले पाहिजे. मुदत उलटून गेली असली तरी लपवून ठेवण्यापेक्षा उशिरा का होईना जाऊन नोंद करणे केव्हाही बरे. पुढे टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखालची चाचणी, दर तीन वर्षांनी करावी लागते. तिची तारीख पॉलिसीच्या फाइलमध्येच लिहून ठेवावी, कारण आगीच्या दाव्यात हे प्रमाणपत्र हमखास मागितले जाते.

रंग बदलायचा असेल तर आधी परवानगी घ्यावी. निळी गाडी रंगवून पांढरी करायची आणि आरसीवर निळीच ठेवायची हे चालत नाही. दिव्यांग व्यक्तीसाठी हाताने चालवता येणारे ब्रेक-ॲक्सिलरेटर बसवायचे असतील तर कलम ५२ मध्येच रूपांतराच्या परवानगीची तरतूद आहे. अशी नोंद झालेल्या गाडीला विमा दरपत्रकात ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या, प्रीमियमवर ५० टक्के सूट सांगितलेली आहे. तिची आठवण एजंट स्वतःहून फारशी करून देत नाहीत, म्हणून ती आपणच मागावी.

४. विमा कंपनीला लेखी कळवा आणि एन्डॉर्समेंट घ्या

आरसी हातात आली की त्याच आठवड्यात कंपनीला कळवावे. नूतनीकरणापर्यंत थांबू नये. पॉलिसी चालू असताना तिच्यात केलेल्या बदलाच्या नोंदीला एन्डॉर्समेंट म्हणतात आणि उरलेल्या दिवसांपुरताच जादा प्रीमियम घेतला जातो. एजंटला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवणे म्हणजे कंपनीला कळवणे नव्हे. कंपनीच्या ईमेलवर किंवा शाखेत पोच घेऊन अर्ज द्यावा, सोबत नवी आरसी, बिले आणि गाडीचे चारही बाजूंचे फोटो जोडावेत.

खर्च किती येतो, ही शंका मनात असतेच. जुन्या भारतीय मोटार दरपत्रकातील पद्धत बहुतेक कंपन्या आजही पाळतात: सीएनजी-एलपीजी किटसाठी किटच्या किमतीच्या ४ टक्के ओन डॅमेजमध्ये, आणि थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याला झालेल्या इजा-नुकसानीच्या, जबाबदारीसाठी ६० रुपये. किटचे बिल ५५,००० रुपयांचे असेल तर वर्षाला २,२०० अधिक ६० असे २,२६० रुपये होतात आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून साधारण २,६६७ रुपये. म्युझिक सिस्टीम, फॉग लॅम्प यांसारख्या जास्तीच्या विद्युत वस्तूंनाही किमतीच्या ४ टक्क्यांचाच दर लागतो. तीन-चार लाखांच्या गाडीला आग लागली तर काय होईल याचा विचार केला की ही रक्कम जड वाटत नाही.

आता एक खाच सांगतो, जी बऱ्याच जुन्या गाडीमालकांच्याही लक्षात येत नाही. सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीबरोबर तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावा लागतो. ओन डॅमेजचा भाग मात्र दरवर्षी वेगळा आणि वेगळ्या कंपनीकडूनही घेता येतो. त्यामुळे तुमच्या गाडीला दोन कंपन्यांच्या दोन पॉलिसी असू शकतात. किटची नोंद तेव्हा दोन्हींत करावी लागते: किमतीवरचा प्रीमियम ओन डॅमेजच्या कंपनीकडे आणि ६० रुपये थर्ड पार्टीच्या कंपनीकडे. थर्ड पार्टीच्या दाव्यात कंपनीला न्यायालयापुढे मांडता येणारे बचाव कायद्याने मोजकेच ठेवले आहेत, पण महत्त्वाची माहिती लपवून पॉलिसी घेतली हा त्यांपैकीच एक आहे. अशा वेळी कंपनी जखमीला भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते, आणि ती रक्कम लाखांत असते.

ऑनलाइन नूतनीकरण करताना ‘गाडीत बाहेरून बसवलेले सीएनजी किट आहे का’ या प्रश्नापुढे अनेकदा ‘नाही’ आधीच निवडलेले असते. घाईत पुढे गेलात तर तुम्ही स्वतः खोटे निवेदन दिले असा त्याचा अर्थ होतो. गेल्या वर्षी नोंद होती म्हणून यंदा आपोआप येईल असे धरून चालू नका, विशेषतः कंपनी बदलत असाल तर.

किंमत सांगताना फुगवू नये. विमा नुकसान भरून देतो, नफा देत नाही, आणि वस्तूच्या किमतीला दरवर्षी घसारा लागतो. बिल नसलेल्या वस्तूची किंमत कंपनी मान्य करेलच असे नाही, म्हणून गॅरेजमधल्या पॅडवर लिहिलेल्या अंदाजपत्रकाऐवजी जीएसटी क्रमांकाचे बिल घ्यावे. तेथे वाचलेले चार पैसे दाव्यात चौपट जातात.

५. पॉलिसीचा तक्ता ओळ न् ओळ वाचा

पॉलिसी आली की पहिल्या पानावरच्या घोषित मूल्याच्या, म्हणजे आयडीव्हीच्या चौकटीकडे जा. तेथे साधारण पाच रकाने ओळीने असतात: गाडीची किंमत, विद्युत वस्तू, बिगर-विद्युत वस्तू, सीएनजी-एलपीजी किट आणि शेवटी एकूण. किटच्या रकान्यात ० दिसत असेल तर तुम्ही कोणाला काय सांगितले होते याला काहीही किंमत नाही. त्याच दिवशी दुरुस्ती मागावी. इंधनाचा प्रकार, इंजिन व चासी क्रमांक, रंग आणि बँकेचे नाव हेही आरसीशी ताडून पाहावे.

गाडीच्या आयडीव्हीबाबत एवढेच: सहा महिन्यांच्या आत ५ टक्के, वर्षाच्या आत १५, मग दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के घसारा हा रूढ तक्ता आहे, त्यापुढे किंमत दोघांच्या संमतीने ठरते. प्रीमियम कमी दाखवण्यासाठी एजंट आयडीव्ही खाली ओढतात. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते, आणि मग हातात पडते ती ही खाली ओढलेली रक्कम.

विमा ‘गाडीवर असलेल्या’ वस्तूंचा असतो हेही लक्षात घ्या. पावसाळ्यात काढून पडवीत ठेवलेला कॅरिअर तेथून चोरीला गेला तर गाडीच्या पॉलिसीत तो बसत नाही.

६. कोकणासाठी कोणती जादा कव्हर घ्यावीत

मूळ पॅकेज पॉलिसीत, म्हणजे ओन डॅमेज आणि थर्ड पार्टी एकत्र असलेल्या पॉलिसीत, पूर, वादळ, वीज, दरड कोसळणे आणि आग ही संकटे आधीच असतात. जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ किंवा परशुराम घाटातली दरड यांसाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. अंतर्गत जलमार्गाने वाहतूक होत असतानाचे नुकसानही पॉलिसीच्या शब्दांत येते, त्यामुळे दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीवर गाडी चढवणाऱ्यांनी ते कलम आपल्या पॉलिसीत वाचून ठेवावे.

घ्यायलाच हवे ते इंजिन प्रोटेक्शन. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर सुरू होते का पाहू म्हणून चावी फिरवली की हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जाते. सीट, कार्पेट, वायरिंग यांचे नुकसान पुराचे म्हणून मिळते. इंजिनाचे मात्र पुराचे थेट नुकसान नसून मागाहून झालेले परिणामी नुकसान ठरवून मूळ पॉलिसीत नाकारले जाते. बदल केलेल्या गाडीत यावर आणखी एक भर पडते. जास्त ताकदीसाठी बसवलेला उघडा एअर फिल्टर मूळ फिल्टरपेक्षा खाली आणि बंपरजवळ असला तर तो कमी पाण्यातही पाणी ओढतो, आणि इंजिन प्रोटेक्शन असूनही कंपनीला नकाराचे कारण आयते मिळते. वाशिष्ठी, सावित्री किंवा जगबुडीच्या काठी राहणाऱ्याने असा फिल्टर लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे कव्हर रस्त्यावरील मदतीचे. मूळ पॉलिसीत गाडी ओढून नेण्याच्या खर्चाला १,५०० रुपयांची मर्यादा असते. गुहागर किंवा हर्णैहून बंद गाडी चिपळूणच्या मोठ्या गॅरेजपर्यंत न्यायची तर तेवढ्यात भागत नाही. कव्हर घेताना किती किलोमीटरपर्यंत टो करतात आणि कॅशलेस गॅरेज आपल्या जिल्ह्यात नेमके कोठे आहे, हे दोन प्रश्न विचारावेत.

झीरो डेप, म्हणजे बदललेल्या भागांवर घसारा न कापणारे कव्हर, प्लास्टिक, रबर आणि फायबरच्या भागांसाठी उपयोगी आहे, कारण एरवी प्लास्टिक-रबरच्या भागांवर ५० टक्के आणि फायबरवर ३० टक्के कापले जाते. पण ते बाहेरून बसवलेल्या वस्तूंना आणि गॅस किटला लागू होते की नाही, याचे उत्तर कंपनीकडून लेखी घ्यावे. खाऱ्या हवेने आलेला गंज कोणत्याच पॉलिसीत बसत नाही.

किनाऱ्यावर गाडी उतरवणाऱ्यांना एक सूचना. वाळूत रुतलेली गाडी भरतीत सापडली तर तो पूर नव्हे. गाडी सुरक्षित ठेवण्यासाठी वाजवी काळजी घेण्याची अट पॉलिसीतच आहे आणि ती येथे हमखास पुढे केली जाते. मोठे टायर लावले म्हणून वाळू मऊ राहायची थांबत नाही.

ज्यांचे होम-स्टे आहे त्यांच्यासाठीही दोन शब्द. पाहुण्यांना स्टेशनवरून पैसे घेऊन आणणे हा खासगी गाडीचा भाड्याने वापर ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या एका निकालात अशा अटभंगातही दावा सगळाच्या सगळा न फेटाळता नॉन-स्टँडर्ड पद्धतीने, म्हणजे जास्तीत जास्त ७५ टक्क्यांपर्यंत, निकाली काढण्याचा मार्ग मान्य केला होता. पण ते पैसे कोर्टाची पायरी चढल्यावर मिळालेले आहेत.

७. दावा करण्याची वेळ आली तर

गाडी पाण्यात असेल तर सुरू करू नका, दुसऱ्यालाही करू देऊ नका. जमले तर बॅटरी सोडवा आणि सीएनजी टाकीचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा. पाण्याची पातळी दिसेल असे फोटो काढा. कंपनीला लगेच फोन करून दाव्याचा क्रमांक घ्या. घाटात रेंज नसेल तर रेंज मिळताच कळवा आणि उशिराचे कारण लिहा. केवळ कळवायला उशीर झाला म्हणून खरा दावा फेटाळू नये, असे विमा नियामकाने २०११ मध्येच कंपन्यांना सांगितलेले आहे. चोरी झाली असेल किंवा कोणी जखमी झाले असेल तर पोलिसांत तक्रार हवीच.

सर्व्हेअर येण्याआधी गाडी खोलू नये. तो बॉनेट उघडून बॅटरीवरून जास्तीच्या वायरी कोठे गेल्या आहेत हे टॉर्चच्या उजेडात बघतो. फॉग लॅम्पची वायर रिले आणि फ्यूजमधून नीट नेलेली असेल तर तो पुढे सरकतो. मूळ वायर सोलून त्यावर नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली तर तिथेच थांबून फोटो घेतो. म्हणूनच वायरिंगचे काम चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून करून बिलावर ‘रिले व फ्यूजसह’ असे लिहून घ्यावे. विचारलेल्या प्रश्नांना खरी उत्तरे द्यावीत. अपघातानंतर बुलबार काढून परसात टाकण्याची शक्कल कोणी सुचवली तर ऐकू नये. चासीवरच्या बोल्टच्या खुणा लपत नाहीत, आणि मग ज्या भागाचा बुलबारशी संबंध नव्हता त्याचाही दावा संशयात जातो.

दाव्याच्या रकमेतून १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये सक्तीची वजावट असते, ती मनात धरूनच हिशेब करावा.

८. मुंबई-पुण्याहून जुनी गाडी घेत असाल तर

गावाकडे येणाऱ्या अनेक जुन्या गाड्यांत किट असते आणि आरसीवर नसते. विकणारा ‘सगळे चालते’ म्हणतो. आधी आरसीवरचे इंधन आणि डिकीतली टाकी ताडून पाहा. टाकीचे चाचणी प्रमाणपत्र आणि किटचे मूळ बिल नसेल तर नोंद करून देणे ही विकणाऱ्याची अट ठेवा, किंवा किट काढून मगच गाडी घ्या. व्यवहार झाल्यावर चौदा दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यावा. पूर्वीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, तुम्हाला मिळत नाही, तो फरक भरावा लागतो. पॉलिसी संपलेली असेल तर कंपनी तपासणी करून मगच नवी देते, आणि त्या तपासणीत जास्तीच्या सर्व वस्तू फोटोत येतील असे पाहावे.

९. दावा नाकारला तर

नकार तोंडी ऐकून घेऊ नका. कोणत्या अटीखाली नाकारला ते लेखी मागा आणि सर्व्हे अहवालाची प्रतही मागा. जो बदल नोंदलेला नाही त्याचा नुकसानीशी संबंध आहे का, हा कळीचा प्रश्न आहे. मागून ट्रकने दिलेल्या धडकेला टपावरच्या स्पीकरचे कारण लावले जात असेल तर त्यावर भांडायला जागा आहे. नोंद नसलेल्या किटमधून लागलेल्या आगीत ती फारशी उरत नाही.

पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, ईमेलने करावी. हीच तक्रार विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवरही टाकता येते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. आपला पत्ता कोणत्या लोकपाल कार्यालयाखाली येतो ते पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर छापलेले असते. अर्जासोबत आरसी, एन्डॉर्समेंटसह पॉलिसी, वस्तूंची बिले, घटनास्थळाचे फोटो, सर्व्हे अहवाल, नकाराचे पत्र आणि कंपनीला पाठवलेल्या तक्रारीची पोच जोडावी. मूळ कागद स्वतःकडे ठेवून प्रतीच पाठवाव्यात.